ट्रेलर एकच, मशीनं चार: आपल्या मशीनवर काय दिसणार ते आधी ओळखता येतं का?

तिरपी_रेघ
गेमच्या ट्रेलरच्या शेवटी प्लेस्टेशन ५, एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि एस, पीसी, हल्ली स्विच २ अशी चिन्हं ओळीने येतात. त्याआधीची दोन मिनिटं मात्र यातल्या कुठल्यातरी एकाच मशीनवर रेकॉर्ड झालेली असतात. कुठल्या, ते कधी खाली बारीक अक्षरात दीड सेकंद दिसतं, कधी तेही नाही.

माझ्याकडे सिरीज एस आहे. प्री-ऑर्डर करावी की थांबावं एवढं ट्रेलर बघून ठरवता आलं तरी पुरे. 'इन-इंजिन', 'कॅप्चर्ड ऑन पीसी', 'गेमप्ले' या पट्ट्यांचा नेमका अर्थ काय? रिझोल्यूशन आणि फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं) घरबसल्या मोजता येतात का? आणि दाखवलं एक, दिलं भलतंच असं झालं तर भारतात काही करता येतं का? 'ट्रेलर बघूच नका' हे उत्तर माहीत आहे, ते सोडून सांगा.

सोळा_मिलिसेकंद
पट्ट्यांपासून सुरुवात करतो.

'इन-इंजिन' ही पट्टी सहसा खरी असते, म्हणूनच ती जास्त फसवते. चित्र गेमच्या इंजिनाने (गेम चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरने) काढलं, एवढंच ती सांगते. किती वेळात काढलं हे सांगत नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे. सेकंदाला ६० फ्रेमने खेळवायचं तर कन्सोलला एक फ्रेम काढायला १६.६७ मिलिसेकंद मिळतात, ३० ने खेळवायचं तर ३३.३३. ट्रेलर करणाऱ्याला ही घाई नाही. अनरियल इंजिनात 'मूव्ही रेंडर क्यू' नावाची सोय आहे. तिच्यात एकेक फ्रेम सावकाश काढून फाइल म्हणून साठवतात. एका फ्रेमला तीन सेकंद लागले तरी कोणाचं काही अडत नाही. नंतर त्या फाइली २४ किंवा ३० च्या वेगाने जोडल्या की झालं. एका फ्रेमसाठी आठ, सोळा, चौसष्ट नमुने घेऊन त्यांची सरासरी काढता येते. मग कडांचे दाते जातात आणि मोशन ब्लरही (हलणाऱ्या गोष्टींचा धूसरपणा) सिनेमासारखा सलग येतो.

त्याच क्यूमध्ये 'गेम ओव्हरराइड्स' म्हणून एक सेटिंग आहे. तिच्यातले चौकोन वाचले की ट्रेलरमध्ये पॉप-इन (दूरच्या वस्तू अचानक उगवणं) का नसतं ते कळतं: दर्जा 'सिनेमॅटिक', दूरच्या वस्तूंची हलकी मॉडेलं बंद आणि सगळीकडे सर्वांत तपशीलवार मॉडेल, टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रं) पूर्ण येईपर्यंत थांबणं, गवत पूर्ण उगवेपर्यंत थांबणं, सावल्यांचं अंतर वाढवणं. साधन म्हणून यात वावगं काही नाही, कटसीन (गेममधले सिनेमासारखे प्रसंग) आणि जाहिराती करण्यासाठीच ते आहे. अशा फुटेजवर 'गेमप्ले' लिहिलं की मग ती लबाडी.

त्याहून खालची पायरी प्री-रेंडर्डची. २००५ च्या ई३ या गेमच्या प्रदर्शनात प्लेस्टेशन ३ साठी दाखवलेला किलझोन २ चा ट्रेलर कन्सोलवर चालतच नव्हता. गेम असा दिसावा म्हणून आधीच रेंडर करून ठेवलेलं ते लक्ष्य होतं. गेम २००९ मध्ये आला. (आणि दिसायला चांगला निघाला, पण तेव्हा कौतुक झालं ते न चालणाऱ्या गेमचं.)

'रिप्रेझेंटेटिव्ह' हा शब्द दिसला की थांबायचं. मे २०२० च्या इनसाइड एक्सबॉक्स कार्यक्रमातल्या फुटेजवरची पट्टी अशा अर्थाची होती: सिरीज एक्सवर अपेक्षित असलेल्या दर्जाचं प्रातिनिधिक, इन-इंजिन फुटेज. 'अपेक्षित', 'प्रातिनिधिक', 'इन-इंजिन'. एका ओळीत तीन पळवाटा. त्या कार्यक्रमात खेळणं कमी आणि ट्रेलरच जास्त दाखवले म्हणून ओरड झाली, तेव्हा आपण चुकीच्या अपेक्षा निर्माण केल्या हे एक्सबॉक्सच्या मार्केटिंग प्रमुखांनीच मान्य केलं.

बरी पट्टी कशी असते त्याचंही उदाहरण आहे. मे २०२५ मध्ये जीटीए ६ चा दुसरा ट्रेलर आला तेव्हा गेमची कंपनी रॉकस्टारने स्पष्ट केलं की तो पूर्णपणे प्लेस्टेशन ५ वर रेकॉर्ड केला आहे आणि त्यात निम्मा गेमप्ले, निम्मे कटसीन आहेत. मशीनचं नाव आलं, प्रमाण आलं. मोड कुठला, फ्रेमरेट किती, हे मात्र त्यातही नाही.

खालच्या_फळीवर
वरचं सगळं मान्य, पण राव, पट्टी वाचताना उलटं वाचायला शिका. कुठलं मशीन दाखवलंय यापेक्षा कुठलं दाखवलेलं नाही ते बघा.

सायबरपंक २०७७ बघा. नोव्हेंबर २०२० मध्ये कंपनीने कन्सोलवरचं फुटेज दिलं होतं. एक्सबॉक्स वन एक्स आणि सिरीज एक्स, मग पीएस४ प्रो आणि पीएस५. पट्ट्या खऱ्या होत्या. नव्हते ते फक्त साधे पीएस४ आणि साधा एक्सबॉक्स वन, म्हणजे लोकांच्या घरात जास्तीत जास्त असलेली मशीनं. समीक्षकांनाही आधी पीसीचीच प्रत मिळाली होती. १० डिसेंबरला गेम आला आणि साध्या पीएस४ वर रिझोल्यूशन ७२०पी (चित्रात फक्त ७२० ओळी) पर्यंत घसरत होतं, फ्रेमरेट विशीत. १४ तारखेच्या माफीनाम्यात कंपनीने लिहून दिलं की बेस कन्सोलवर गेम आधी दाखवायला हवा होता. त्याच आठवड्यात सोनीने तो स्टोअरवरून काढला आणि पैसे परत द्यायला सुरुवात केली. परत आला २१ जून २०२१ ला.

याच कंपनीने २०२५ मध्ये स्विच २ च्या आवृत्तीचे आकडे जाहीर केले: डॉकमध्ये (टीव्हीला जोडून) क्वालिटी मोड १०८०पी ३० फ्रेम, परफॉर्मन्स मोड १०८०पी ४० फ्रेम, हातात धरून क्वालिटी १०८०पी ३०, परफॉर्मन्स ७२०पी ४०. असे चार आकडे मिळाले की ट्रेलरची गरजच उरत नाही.

आता सिरीज एस. जीपीयूची (चित्र काढणाऱ्या चिपची) ताकद ४ टेराफ्लॉप, सिरीज एक्सची १२. पण खरी अडचण मेमरीची आहे: एकूण १० जीबी, त्यातली ८ वेगवान आणि २ बरीच हळू, एक्सकडे १६. रिझोल्यूशन कमी केलं की जीपीयूचा भार हलका होतो, मेमरीचा तेवढा होत नाही. म्हणून सिरीज एसवर आधी टेक्स्चर मऊ पडतात, रे ट्रेसिंग (प्रकाशाचे किरण मोजून सावल्या-प्रतिबिंबं काढणं) जातं आणि कधी कधी ६० चा मोडही. कधी अख्खी सोयच जाते. बाल्डर्स गेट ३ एक्सबॉक्सवर डिसेंबर २०२३ मध्ये आला तेव्हा सिरीज एसवर स्प्लिट-स्क्रीन (एकाच पडद्यावर दोघांनी खेळणं) नव्हता. तो एप्रिल २०२५ च्या पॅच ८ मध्ये आला. असली गोष्ट ट्रेलर कितीही बारकाईने बघा, दिसणार नाही.

थोडक्यात, सिरीज एसचं नाव घेऊन दाखवलेलं फुटेज नसेल तर तुमच्यासाठी काहीच दाखवलेलं नाही असं धरा.

पायरीमोज
मोजता येतं. थोडी चिकाटी लागते.

फ्रेमरेट आधी, कारण ते सोपं. यूट्यूबवर व्हिडिओवर राइट-क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडा. रिझोल्यूशनच्या आकड्यामागे २४, ३० किंवा ६० असा आकडा असतो. २४ असेल तर तो सिनेमासारखा संकलित केलेला आहे, गेमच्या वेगाबद्दल त्यातून काहीच कळत नाही. ३० असेल तरीही फारसं नाही: गेम ६० वरून ४५ ला घसरला तरी ३० च्या व्हिडिओला प्रत्येक वेळी नवं चित्र मिळतंच, घसरण झाकली जाते. ६० चा व्हिडिओच कामाचा. तो थांबवून पूर्णविरामाची कळ दाबत एकेक फ्रेम पुढे जा (स्वल्पविरामाने मागे). प्रत्येक चित्र बरोबर दोनदा येत असेल तर गेम ३० वर आहे. दोनदा, दोनदा, मग मध्येच तीनदा आलं तर तो ३० सुद्धा टिकवत नाही. कॅमेरा फिरत असलेला शॉट निवडा; स्थिर शॉटमध्ये दोन फ्रेम सारख्या दिसल्या म्हणजे घसरण झाली असं नाही.

आता रिझोल्यूशन. ४के मध्ये व्हिडिओ लावा, मॉनिटर ४के नसला तरी. यूट्यूब ४के ला जास्त बिटरेट देतं, १०८०पी मध्ये कडा चिखलासारख्या होतात. व्हिडिओचा स्क्रीनशॉट त्याच्या मूळ ३८४०×२१६० आकारातच मिळायला हवा. मॉनिटर १०८०पी चा असेल तर पूर्ण पडद्याचा स्क्रीनशॉट १०८०पी चाच येतो आणि गणित बिघडतं. चित्र जिंप या फोटो-एडिटरमध्ये उघडून ८०० टक्के मोठं करा. जवळजवळ आडवी पण किंचित तिरपी कड शोधा: विजेची तार, छपराची कड, पुलाचा कठडा. मोठं केल्यावर ती जिन्यासारखी दिसते. तिचा एक तुकडा घ्या आणि मोजा की तो उतरताना किती पिक्सेल खाली आला आणि तेवढ्यात पायऱ्या किती. ४० पिक्सेल उतार आणि ३० पायऱ्या असतील तर गुणोत्तर ०.७५, म्हणजे २१६० × ०.७५ = १६२० ओळी. पूर्ण ४के असता तर ४० पिक्सेलला ४० पायऱ्या आल्या असत्या.

पात्राचा हेल्थ बार, नकाशा, अक्षरं यांच्या कडा मोजू नका, त्या बहुतेक वेळा पूर्ण रिझोल्यूशनमध्येच काढतात. टेक्स्चरवर रंगवलेली रेघही चालत नाही. हल्ली रिझोल्यूशन भार बघून खालीवर होतं, म्हणून एक शांत शॉट आणि एक स्फोटाचा, असे निदान दोन मोजा.

डीएलएसएस, एफएसआर, पीएसएसआरसारखं अपस्केलिंग (कमी रिझोल्यूशनचं चित्र मागच्या फ्रेमच्या मदतीने मोठं करणं) असेल तर पायऱ्या पुसल्या जातात. तेव्हा कॅमेरा कट झाल्यानंतरचा पहिला फ्रेम पकडा. अपस्केलरकडे त्या क्षणी मागच्या फ्रेमची माहिती नसते, त्यामुळे खरं रिझोल्यूशन उघडं पडतं. काही फ्रेमनंतर परत गुळगुळीत.

मागचा_फ्रेम
पायरीमोज, शेवटच्या मुद्द्यात एक खाच आहे. कट इंजिनातला असेल तरच ते चालतं, म्हणजे कटसीनमध्ये किंवा पात्र एका जागेवरून दुसरीकडे टाकलं जातं तेव्हा. ट्रेलरमधले बहुतेक कट संकलकाने केलेले असतात. त्याने दहा सेकंदांच्या रेकॉर्डिंगमधले मधले दोन सेकंद उचलले, तर तुम्हाला दिसणाऱ्या पहिल्या फ्रेमच्या मागे आधीच पाच सेकंदांचा इतिहास असतो. तो स्वच्छच दिसणार. त्यावरून 'नेटिव्ह ४के आहे', म्हणजे मुळातच ४के मध्ये काढलंय, असा निष्कर्ष काढला तर फसलात.

त्यापेक्षा हलणाऱ्या पात्रामागची जागा बघा. माणूस खांबासमोरून धावत जातो तेव्हा त्याच्यामागे जो भिंतीचा तुकडा नव्याने उघडा पडतो, त्याचाही इतिहास नसतो. तिथे एक-दोन फ्रेम किरकिर दिसते, ठिपके उडतात किंवा मागे भुतासारखी सावली ओढली जाते. हे संकलकाला कापता येत नाही. पात्राच्या मागची जागा दर फ्रेमला काचेसारखी स्वच्छ असेल, तर ते फुटेज सोळा_मिलिसेकंद म्हणतात तसं सावकाश काढलेलं असण्याची शक्यता जास्त.

पाण्यातलं प्रतिबिंब दुसरी खूण देतं. स्क्रीनवर जे दिसतंय तेवढ्यावरूनच प्रतिबिंब काढत असतील तर कॅमेरा खाली झुकवला की वरची इमारत स्क्रीनबाहेर जाते आणि डबक्यातलं तिचं प्रतिबिंबही कडेकडून विरत जातं. रे ट्रेसिंगमध्ये असं होत नाही. कॅमेरा डबक्यावरून नुसता आडवा सरकत असेल, खाली झुकत नसेल, तर ही उणीव झाकली जाते. 

एका बाबतीत मात्र मला इथला सूर पटत नाही. रिलीजमध्ये चित्र उतरलं म्हणजे ट्रेलर खोटाच होता, असं नाही. विचर ३ चा २०१३ चा ट्रेलर आणि मे २०१५ चा गेम यांत फरक होता. तेव्हा डेव्हलपरनी सांगितलं की रेंडरिंगच्या दोन पद्धतींपैकी मोठ्या खुल्या जगात, दिवसरात्रीच्या सगळ्या उजेडात चालेल ती निवडावी लागली. हे पटण्याजोगं आहे: एका गल्लीसाठी बसवलेला प्रकाश अख्ख्या शहराला पुरत नाही. ट्रेलर बनतो त्या वेळी शहर पूर्ण बांधलेलंच नसतं.

खालच्या_फळीवर
पटण्याजोगं आहे, पण विकताना जुनाच ट्रेलर फिरत राहतो त्याचं काय? वॉच डॉग्ज २०१२ च्या ई३ मध्ये जसा दाखवला तसा मे २०१४ मध्ये नव्हता. जूनमध्ये एका मॉडरला (गेमच्या फाइलींत स्वतः फेरफार करणाऱ्याला) ई३ मधल्या काही इफेक्टच्या सेटिंग पीसीच्या फाइलींतच बंद अवस्थेत सापडल्या, त्याने त्या चालू करून दाखवल्या. गेमची कंपनी युबिसॉफ्टचं म्हणणं की स्थिरता आणि परफॉर्मन्ससाठी त्या काढल्या होत्या. असेलही, मॉड लावल्यावर काहींच्या पीसीवर गेम अडखळतही होता. मग २०१४ मध्ये नवा ट्रेलर करून जुना उतरवायचा. तेवढं अवघड नाही ते.

मागचा_फ्रेम
यावर दुमत नाही. जुन्या ट्रेलरवर 'विकसनशील आवृत्ती' असं लिहून भागत नाही, कारण दुकानाच्या पानावर तो गेमच्या विक्रीच्या चित्रांशेजारी असतो. नोव्हेंबर २०१६ पासून पीसी गेमच्या स्टीम या ऑनलाइन दुकानाने स्क्रीनशॉटसाठीच्या जागेत फक्त गेममधलीच चित्रं टाकायला सांगितलं, कन्सेप्ट आर्ट (आधीची कल्पनाचित्रं) किंवा सिनेमॅटिकमधली नाही. स्टीम चालवणाऱ्या वाल्व्हच्या स्वतःच्या डोटा २ च्या पानावरही तेव्हा कन्सेप्ट आर्ट होतं, तेही बदललं.

कलम_अठ्ठावीस
तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मधल्या कलम २(२८) मध्ये दिशाभूल करणारी जाहिरात म्हणजे काय ते आहे. वस्तूचं खोटं वर्णन आणि महत्त्वाची माहिती मुद्दाम लपवणं, दोन्ही त्यात येतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण अशा जाहिरातीसाठी १० लाखांपर्यंत, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत दंड करू शकतं. जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत डिस्क्लेमरबद्दल स्पष्ट आहे: तो मूळ दाव्याच्याच भाषेत हवा, ठळक जागी हवा, आणि मूळ दाव्याच्या विरुद्ध जाऊन त्याला दुरुस्त करणारा नसावा. दीड सेकंदाची करडी अक्षरं या कसोटीवर कशी टिकतील ते तुम्हीच ठरवा. तक्रारीसाठी हेल्पलाइन १९१५. जाहिरातीपुरती तक्रार मुंबईच्या ॲस्कीकडेही करता येते. ती स्वनियमन संस्था आहे, पैसे मिळवून देणार नाही.

ग्राफिक्सवरून तक्रार टिकते का, याचे दाखले ब्रिटनचे आहेत. २०१३ मध्ये तिथल्या एएसए या जाहिरात नियामकाकडे एलियन्स: कलोनियल मरीन्सची तक्रार गेली, आणि ट्रेलर डेमोचे होते, गेमचे नव्हते, अशी सूचना त्यांच्यावर टाकायला सेगा तयार झाली. २०१६ मध्ये नो मॅन्स स्कायविरुद्धची तक्रार फेटाळली गेली. चित्राचा दर्जा ज्याच्या त्याच्या पीसीवर अवलंबून असतो हे ग्राहकाला साधारणपणे माहीत असतं, हा त्यातला एक मुद्दा होता. म्हणजे पीसीवरचं फुटेज दाखवणाऱ्याला एक दार कायम उघडं. कन्सोलला हा बचाव लागू पडू नये, कारण तिथे एका मॉडेलची सगळी मशीनं एकसारखी.

व्यवहारात कायद्यापेक्षा रिफंडचा नियम लवकर कामाला येतो. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवस आणि खेळण्याचे २ तास, दोन्हींच्या आत अर्ज करा. पहिला अर्धा तास सेटिंगमध्ये घालवू नका, तोही मोजला जातो. एक्सबॉक्सवर १४ दिवसांत मागता येतो, पण फार खेळलेलं नसावं, आणि द्यायचा की नाही ते तेच ठरवतात. प्लेस्टेशनवर डाउनलोड सुरू केलं की सर्वसाधारण रिफंड गेला, त्यामुळे प्री-ऑर्डरचं ऑटो-डाउनलोड बंद ठेवा. निन्टेन्डो ईशॉपवर विकत घेतलेलं परत नाही, फक्त प्री-ऑर्डर पैसे कापले जाण्याआधी रद्द होते.

अवांतर_आठ
मोबाइलवाल्यांना विसरू नका! तिथे ग्राफिक्स सोडा, गेमच वेगळा असतो. होमस्केप्स आणि गार्डनस्केप्सच्या पिना ओढायच्या जाहिराती सप्टेंबर २०२० मध्ये याच एएसएने दिशाभूल करणाऱ्या ठरवल्या, कारण गेम मुख्यतः तीन-जुळवा प्रकारचा होता. उलट ॲपलच्या ॲप स्टोअरमधला १५ ते ३० सेकंदांचा प्रिव्ह्यू ॲपच्याच स्क्रीन रेकॉर्डिंगचा असावा असा नियम आहे. जाहिरात बघून थेट इन्स्टॉल करण्याऐवजी तो आधी बघा.

तिरपी_रेघ
सगळ्यांचे आभार. पायरीमोज, एका ट्रेलरवर करून बघितलं. ४के चा फ्रेम, क्रेनची तार. तार ६०० पिक्सेल लांब, पायऱ्या २४. २४ भागिले ६०० म्हणजे ०.०४, म्हणजे ८६ ओळी! कुठे चुकलं?

पायरीमोज
लांबी घेतलीत. आडवी लांबी कड किती तिरपी आहे तेवढंच सांगते. त्याच तुकड्यात तार वरून खाली किती पिक्सेल आली ते हवं.

तिरपी_रेघ
३६.

पायरीमोज
२४ भागिले ३६, दोन तृतीयांश. १४४०पी. आजूबाजूला आणखी एक कड मोजून तेच येतं का बघा. आणि खाली बटणांची चिन्हं कुठली आहेत? त्रिकोण-गोल असतील तर प्लेस्टेशन असण्याची शक्यता जास्त, पण खात्री नाही. ए, बी, एक्स, वाय असतील तर लगेच एक्सबॉक्स समजू नका, पीसीला कंट्रोलर जोडला तरी बहुधा तीच येतात.

तिरपी_रेघ
ए, बी, एक्स, वाय. कोपऱ्यात बारीक अक्षरात 'कॅप्चर्ड ऑन पीसी'.

खालच्या_फळीवर
मग पीसीवरच १४४०. सिरीज एसवर त्याच्या खाली जाण्याचीच शक्यता जास्त, नेमकं किती ते त्या मशीनचं फुटेज आल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. प्री-ऑर्डर थांबवा.